कडू औषधाचा हिशेब

आपल्याकडे काही रोगांची नावे घरात मोठ्याने घेण्याची रीत नाही. देवीच्या साथीत आजीबाई ‘देवी आल्या’ एवढेच म्हणत. क्षयाला ‘राजरोग’ म्हणून वेळ निभावून नेत. कॅन्सरच्या बाबतीत मराठी माणसाने याहून सोपी युक्ती काढली. ‘त्यांना टाटाला नेले आहे’ असे कोणी हलक्या आवाजात सांगितले, की ऐकणारा पुढे काही विचारीत नाही. एका रुग्णालयाचे नाव रोगाच्या नावाच्या जागी जाऊन बसले! आणि आता तर असे झाले आहे, की रोगाचे नाव एक वेळ घेतील, पण त्यावरच्या औषधाचे नाव निघाले की चेहरे उतरतात. ‘डॉक्टर केमो द्यायची म्हणतात’ या वाक्यानंतर जी शांतता पसरते, ती पुण्यातल्या कितीतरी घरांनी अनुभवली असेल.

या भीतीला कारण नाही असे कोण म्हणेल? केस गळतात, तोंड येते, अन्नावरची वासना उडते, चार पायऱ्या चढून माणूस धापा टाकतो. हे सारे खरे आहे. परंतु हा त्रास कशामुळे होतो, हे बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. आणि ज्याचे कारण कळत नाही ते दुखणे दुप्पट वाटते. त्यातून पुढे एक मोठे संकट ओढवते. माणसे औषध अर्ध्यावर सोडतात. कधी त्रास सोसवत नाही म्हणून सोडतात, तर कधी बरे वाटू लागले म्हणून. यांतले दुसरे कारण वरकरणी शहाणपणाचे वाटते, म्हणून ते जास्त घातक.

प्रस्तुत लेखक भाषेचा मास्तर आहे, वैद्य नव्हे. कोणाला कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याला लखलाभ असो. पण शाळेतले अंकगणित ज्याला येते त्याला समजेल असा एक सरळ हिशेब या उपचाराच्या मुळाशी आहे. आणि त्या हिशेबाची गोष्ट मुंबईच्या परळपासून खानदेशातल्या नंदुरबारपर्यंत आपल्याच मुलखातून फिरून येते. ती वाचकांना सांगावी म्हणून हा प्रपंच.

रसायन म्हणजे काय?

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘केमोथेरपी’ हा शब्द पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केला. त्याच्या मनात त्या वेळी कॅन्सर प्रामुख्याने नव्हताच. रोगजंतूंना नेमके गाठून मारील आणि रोग्याला धक्का लावणार नाही असे रसायन त्याला हवे होते. उपदंशावरचे त्याचे ‘साल्व्हार्सान’ हे औषध १९१० मध्ये बाजारात आले. म्हणजे शब्दार्थाने पाहिले तर रसायनाने रोगावर केलेला कोणताही उपचार म्हणजे केमोथेरपी. कॅन्सरच्या औषधांना हे नाव पुढे चिकटले आणि मग त्यांचेच होऊन बसले.

गंमत अशी, की ‘रसायन’ हा शब्द आपल्याकडे अगदी उलट्या अर्थाने नांदत आला आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी ‘रसायन’ हे एक अंग. शरीर पुष्ट करणारे, वार्धक्य लांबवणारे. च्यवनप्राश हे रसायन. आता या नव्या रसायनाने मात्र माणूस काही दिवस खंगतो. एकच शब्द, आणि दोन टोकांचे अर्थ! हा विरोध उलगडायचा, तर शरीराच्या आत डोकावले पाहिजे.

पेशींची घाई

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. काही पेशी एकदा घडल्या की बहुतेक जन्मभर तशाच राहतात. मेंदूतल्या आणि हृदयातल्या पेशी या जातीच्या. काही मात्र सतत झिजतात आणि सतत नव्या होतात. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. हाडांच्या मगजात रक्ताच्या पेशी रात्रंदिवस तयार होत असतात. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींना तर उसंत अशी नाहीच. एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार, असा हा संसार चालतो. पण त्याला धरबंद असतो. गरज संपली की पेशी थांबतात. कॅन्सरच्या पेशी थांबत नाहीत. एवढाच, पण जिवावर बेतणारा, तो फरक.

पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवून त्यांचे निरीक्षण करण्याची विद्या या देशात रुजवण्याचे श्रेय एका पुणेकर बाईंकडे जाते, हे येथे सांगितलेच पाहिजे. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलगी हुजूरपागेत शिकली, पुढे फर्ग्युसनमध्ये गेली. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली तिने १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली, अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत अनुभव घेतला, आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे पेशी वाढवण्याची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. कॅन्सरवरचे एखादे नवे औषध आज रोग्यापर्यंत पोहोचण्याआधी अशाच काचपात्रांतल्या पेशींवर पारखून घेतात.

या पारखीत औषधाकडून काय अपेक्षा असते? दोन होऊ पाहणाऱ्या पेशीला त्याने अडवावे. ‘केमो’ची जुनी औषधे घ्या किंवा नंतरची, बहुतेकांचे काम हेच. पण औषधाला डोळे नाहीत. घाईने वाढणारी पेशी कॅन्सरची आहे की केसाच्या मुळाशी असलेली, हे त्याला कळत नाही. जी घाईत सापडली ती अडवायची, इतकेच त्याला ठाऊक. म्हणून केस गळतात. म्हणून तोंड येते, कारण तोंडाचे अस्तर घाईने बदलणारे. म्हणून जुलाब होतात, आणि म्हणूनच रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. ज्या गुणाने औषध रोगाला मारते, त्याच गुणाने ते आपल्याला छळते. (उलट्यांचे कारण थोडे निराळे, औषधामुळे मेंदूतले वांतीचे केंद्र चाळवले जाते.)

युद्धातून आलेले औषध

या औषधांचा उगम मात्र मोठा विचित्र आहे. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१७ मध्ये, जर्मनांनी बेल्जममधल्या ईप्र येथे ‘मस्टर्ड’ वायू सोडला. मोहरीशी त्याचा संबंध वासापुरता. कातडी भाजून काढणारा हा वायू रक्तातल्या पांढऱ्या पेशींचाही फडशा पाडतो, हे त्या वेळच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन या वायूच्या एका भावंडावर, नायट्रोजन मस्टर्डवर, गुप्तपणे काम करीत होते. त्यांनी प्रश्न उलटा केला. पांढऱ्या पेशींचाच कॅन्सर ज्याला झाला आहे, त्याला हे दिले तर? ऑगस्ट १९४२ मध्ये एका रोग्याला ते शिरेतून दिले गेले. गळ्याभोवतीच्या मोठाल्या गाठी थोड्याच दिवसांत विरल्या. काही आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या आणि रोगी दगावला; पण गाठ औषधाने विरघळू शकते हे जगाने प्रथमच पाहिले. युद्धकालीन गुप्ततेमुळे ही हकीकत १९४६ पर्यंत छापता आली नाही.

गाठी गेल्या आणि परत आल्या, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आपला हिशेब तेथूनच सुरू होणार आहे.

परळचा धागा

या कथेचा दुसरा धागा परळच्या हाफकिन संस्थेतून निघतो. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी रक्तक्षय जडत असे आणि त्यात कितीतरी जणी दगावत. विल्सबाईंनी त्यांच्या आहाराचा पिच्छा पुरवला. शेवटी त्यांना आढळले, की यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावून खातात ते ‘मार्माइट’, दिले की या बायका टवटवीत होतात. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात काय होते? पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला, आणि पानाला लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणतात म्हणून त्याचे नाव पडले फोलिक आम्ल. आज गरोदर बाईला डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांत तेच असते.

हे फोलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार करण्यात यश आले १९४५ मध्ये, आणि ज्या पथकाने ते केले त्याचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमवरमचा हा माणूस, शिक्षणासाठी अमेरिकेला गेला तो परत आला नाही. बॉस्टनला मुलांचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या मुलांना फोलिक आम्ल देऊन पाहिले, तर रोग उलट फोफावला. नव्या पेशी घडवायला जे लागते तेच हाती आयते दिले, तर दुसरे काय होणार? फार्बरनी मग उलटा विचार केला. फोलिक आम्लासारखे दिसणारे, पण काम न करणारे काही देता येईल का? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत असे पदार्थ तयार होतेच. खोटा रुपया जसा खऱ्यासारखाच दिसतो, पेटीत पडतो आणि व्यवहार मात्र ठप्प करतो, तसे हे खोटे फोलिक आम्ल पेशीत शिरते आणि तिचे दोन होणे थांबवते. फार्बरनी जून १९४८ मध्ये १६ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या १० मुलांना उतार पडला होता. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

उतार पडला, पण टिकला नाही. येथेही रोग परतलाच. मात्र त्याच घराण्यातल्या मेथोट्रेक्सेट या औषधाने १९५६ मध्ये नवा पल्ला गाठला. गरोदरपणातल्या वारेच्या पेशींपासून उद्भवणारा एक घातक कॅन्सर या औषधाने समूळ बरा होतो, असे मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी दाखवले. सर्वांगात पसरलेली गाठ नुसत्या औषधाने कायमची गेली, असे त्यापूर्वी घडले नव्हते.

सदाफुली आणि नंदुरबारचे वाणी

आता जरा आपल्या अंगणात या. कुंडीतली सदाफुली बारा महिने फुलते, तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मधुमेहावर तिचा उपयोग होतो असे अनेक देशांत मानत. कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हेच तपासायला गेले, तर उंदरांच्या रक्तातली साखर होती तेवढीच राहिली आणि पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या! त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन आले. पाठोपाठ १९६३ मध्ये व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर हे औषध आजही देतात. (याचा अर्थ सदाफुलीची पाने वाटून घ्यावीत असा मात्र कोणी करू नये. पाने विषारी आहेत, आणि औषधाचा अंश पानांत इतका अल्प असतो, की थोड्या औषधासाठी ढीगभर पाने लागतात.)

आपल्या नंदुरबारात १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम्. एस्सी. झाले आणि पुढे अमेरिकेला गेले. तेथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी दोन झाडांतून दोन औषधे काढली. चीनमधल्या एका झाडातून १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन, आणि १९७१ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरच्या यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल. त्यांतले पहिले द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या ‘नरक्या’ नावाच्या झाडातही सापडते. टॅक्सॉल तर आज स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कॅन्सरवर जगभर दिले जाते.

पेशी दोन होताना आत सूक्ष्म धाग्यांचा एक मांडव उभा राहतो आणि काम झाले की उतरवला जातो. सदाफुलीचे औषध हा मांडव उभाच राहू देत नाही. वाण्यांचे टॅक्सॉल उभा राहिलेला मांडव उतरू देत नाही. दोन्हींकडून पेशीचे लग्नकार्य अडते ते अडतेच. म्हणूनच डॉक्टर बहुधा एकाऐवजी दोन-तीन औषधे मिळून देतात. एकाच्या तावडीतून जी पेशी सुटते, ती दुसऱ्याला सापडते.

शंभर कोटींचा हिशेब

आता प्रत्यक्ष गणित. हाताला लागणारी, एक सेंटिमीटरभर व्यासाची गाठ, म्हणजे साधारण हरभऱ्याएवढी. तिच्यात किती पेशी असाव्यात? सुमारे शंभर कोटी! अमेरिकेतले हॉवर्ड स्किपर यांनी १९६४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून एक नियम मांडला. औषधाची प्रत्येक मात्रा ठराविक संख्येने पेशी मारीत नाही. ती ठराविक प्रमाणात मारते. सोयीसाठी धरू या, की एका मात्रेने शंभरातल्या नव्व्याण्णव पेशी मरतात. केवढे यश! पण शंभर कोटींतले नव्व्याण्णव टक्के गेले, तरी मागे एक कोटी उरतात. एक कोटी पेशींची गाठ बाजरीच्या दाण्याएवढी. ती हाताला लागत नाही. रोगी म्हणतो, ‘गाठ गेली!’ घरची मंडळी देवापुढे साखर ठेवतात. दुसऱ्या मात्रेनंतर एक लाख उरतात, तिसऱ्यानंतर एक हजार, चौथ्यानंतर दहा. आणि दोन मात्रांच्या मधल्या दिवसांत उरलेल्या पेशी स्वस्थ बसत नाहीत, वाढतच असतात; तेव्हा प्रत्यक्षातला आकडा याहून मोठा.

गाठ हाताला लागेनाशी झाली, त्या दिवशी हिशेब पुरता मिटलेला नसतो, हे यावरून उघड होते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. हरळी वरवर खुरपली की रान स्वच्छ दिसते. मुळी राहिली तर दोन पावसांत पुन्हा हिरवेगार. १९४२ च्या रोग्याच्या गाठी परत आल्या, १९४८ ची मुले पुन्हा आजारी पडली, त्याचे मर्म येथे आहे. पुढच्या डॉक्टरांनी औषधे एकत्र केली, मात्रा वाढवल्या, उपचार लांबवला. आज मुलांच्या रक्ताच्या नेहमीच्या कॅन्सरचा उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिल्या महिन्यातच बहुतेक मुले हसू-खेळू लागतात, रक्त तपासले तर निर्दोष दिसते. तरी उरलेली वर्षे औषध घ्यायचे ते त्या न दिसणाऱ्या पेशींसाठी. प्रगत देशांत अशा दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. १९४८ च्या आधी हा रोग झालेले मूल हातून जाणारच, असे धरून चालत.

मधले तीन आठवडे

‘इतकेच आहे तर रोज का देत नाहीत? एकदाचे संपेल तरी!’ असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर त्याच हिशेबात आहे. औषध आपल्याही पेशी मारते. पण निरोगी पेशींना एक विद्या येते, ती म्हणजे सावरणे. साधारणतः औषध घेतल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि तीन आठवड्यांच्या सुमारास पुन्हा वर येतात. कॅन्सरच्या पेशी तितक्या लवकर सावरत नाहीत. त्या सावरण्याआधी आणि आपल्या पेशी सावरल्यानंतर पुढची मात्रा द्यायची, असा हा मेळ असतो. (काही औषधे आठवड्याला, काही रोजही देतात, त्यांचे वेळापत्रक निराळे.) म्हणून तारीख चुकवणे बरे नाही. लग्न आहे, परीक्षा आहे, दिवाळी आहे म्हणून आठवडा पुढे ढकलावासा वाटला, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने ठरवू नये.

त्या तळाच्या दिवसांत घरच्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अंगात ताप भरला आणि पारा १००.४ च्या पुढे गेला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशींअभावी साधा जंतुसंसर्गही काही तासांत जिवावर बेततो. दिवाळीच्या दिवसांत फराळाला, भेटीला माणसे येतात. ज्यांना सर्दी-खोकला आहे त्यांनी खुशाली फोनवर विचारावी, त्यात प्रेम कमी होत नाही. पाणी उकळलेले, अन्न ताजे आणि शिजलेले असावे. मऊ भात, मुगाची खिचडी, तोंड आले असेल तर तिखट बाजूला. कोणी काढे, भस्मे, झाडपाल्याचे रस सुचवले, तर घेण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घालावेत. कारण काही पदार्थांमुळे औषध शरीरात साचते, काहींमुळे त्याचा जोर उतरतो.

आणि केस? ते पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात, पण मुळे शाबूत असतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस पुन्हा येतात, कधी कधी पहिल्यापेक्षा कुरळे. सर्वच औषधांनी केस जातात असेही नाही. उलट्यांची जी भयकथा आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकतो, ती १९९० च्या आधीची आहे. त्यानंतर आलेल्या ऑन्डॅनसेट्रॉनसारख्या औषधांनी तो त्रास पुष्कळच आटोक्यात आणला. मात्र काही परिणाम रेंगाळतात, हेही लपवू नये. काहींचे हातपाय दीर्घकाळ बधिर राहतात. काही औषधे हृदयाला जपून द्यावी लागतात. तरुण रोग्याच्या बाबतीत पुढे मूल होण्याचा प्रश्न असतो. तो प्रश्न संकोच सोडून पहिल्या मात्रेआधीच विचारावा; नंतर उपाय कमी उरतात.

आईला सांगायचे की नाही?

समजा, सदाशिव पेठेतले एक घर. आईच्या स्तनात गाठ निघाली आहे. मुलगा डॉक्टरांना बाहेर गाठून म्हणतो, ‘आईला काही सांगू नका हं. ती धसका घेईल.’ मग आईला ‘शक्तीचे इंजेक्शन’ म्हणून केमो सुरू होते. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचे पुंजके दिसू लागतात. शक्तीच्या इंजेक्शनाने केस जातात होय? आई सुनेला विचारते, ‘अगं, खरं सांग, मला काय झालंय?’ सून पदराने डोळे पुसते आणि म्हणते, ‘काही नाही हो आई, उष्णता झाली आहे.’ आता आईला दोन दुःखे: एक रोगाचे, आणि दुसरे घर आपल्याशी खोटे बोलते आहे याचे. चौथ्या वेळी ती म्हणते, ‘मला नको ते इंजेक्शन. गाठ तर गेली आहे.’ तिला अडवायचे कसे? ज्या हिशेबाने अडवता आले असते, तो तर तिला कोणी सांगितलेलाच नाही.

हे घर काल्पनिक आहे. पण वाचकांपैकी कित्येकांना ते ओळखीचे वाटेल. रोग्याला एकदम सारे सांगावे असे नाही. जेवढे तो विचारील तेवढे, त्याला पेलेल अशा शब्दांत, पण खरे सांगावे. ज्या आईने दुधाचा, वाण्याचा, गिरणीचा हिशेब पन्नास वर्षे ठेवला, तिला शंभर कोटींचा हिशेब कळणार नाही काय?

अर्ध्यावर सोडण्यामागे पुष्कळदा पैशाची अडचण असते, हेही खरे. मुंबईत राहायचे कोठे, येथपासून प्रश्न सुरू होतो. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हापासून गावोगावचे रोगी तेथे येत आले. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा किती कुटुंबांचे छप्पर झाली आहे. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही केमोथेरपीचा समावेश आहे. पहिल्या मात्रेआधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन सर्व मात्रांच्या खर्चाची तरतूद विचारून घेणे हे चौथ्या मात्रेला हात टेकण्यापेक्षा शहाणपणाचे.

औषधाची मर्यादा

प्रत्येक कॅन्सरला केमो लागत नाही. काही नुसत्या शस्त्रक्रियेने बरे होतात. काहींना ती शस्त्रक्रियेआधी गाठ लहान करण्यासाठी देतात, काहींना नंतर, मागे राहिलेल्या पेशी झाडून काढण्यासाठी. आणि काहींना रोग हटणार नाही हे ठाऊक असूनही, उरलेले दिवस वाढावेत आणि सुसह्य व्हावेत म्हणून देतात. यांतला आपला प्रकार कोणता, हे पहिल्याच दिवशी विचारण्याचा रोग्याला हक्क आहे. ज्या रोग्याने पुरते जाणून, विचार करून औषध थांबवायचे ठरवले, त्याचा निर्णय निराळा; वर ज्याविषयी लिहिले ते अज्ञानाने सोडणे वेगळे.

याच शेवटच्या प्रकारातल्या रोग्यांसाठी परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. तंबाखूच्या व्यसनामुळे तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर आपल्याकडे किती, ते सांगायला नको. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या अशा ४२२ रोग्यांपैकी निम्म्यांना दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन दिले; निम्म्यांना घरी घ्यायच्या गोळ्या दिल्या: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज एक वेदनाशामक, सेलेकॉक्सिब. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोळीवाल्यांचे मध्यमान आयुष्य साडेसात महिने भरले, सलाईनवाल्यांचे सहा महिन्यांच्या किंचित वर. आणि गोळीवाल्यांना त्रासही कमी झाला. दीड महिन्याचा फरक, असे कोणी म्हणेल. पण तो स्वस्त गोळीने, घरच्या माणसांत राहून मिळालेला आहे. आणि ही गोळी कोणती? लुसी विल्स यांनी जो पदार्थ गिरणी कामगार बायकांसाठी शोधला, त्याचीच ही खोटी जोडी. हाफकिन संस्थेपासून टाटा रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या विद्येला तेथे पोहोचायला नव्वद वर्षे आणि अमेरिकेची वारी लागली.

आता तर डोळे असलेली औषधेही येऊ लागली आहेत, कॅन्सरच्या पेशीची खूण ओळखून तिलाच गाठणारी. रोग्याच्याच पांढऱ्या पेशींना शिकवून परत सोडण्याचा, पवईच्या आय. आय. टी.त आणि टाटा रुग्णालयात घडलेला एक उपचार २०२३ मध्ये मान्यता पावला. एर्लिखला हवे होते ते हळूहळू हाती येत आहे. परंतु असंख्य रोग्यांसाठी अजून जुने, आंधळे, कडू औषधच कामाला येते, आणि ते पुरते घेतले तरच.

तेव्हा ज्या घरात हा प्रसंग आला असेल, त्यांनी एक करावे. डॉक्टरांनी सहा मात्रा सांगितल्या असतील, तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सहाही तारखांना आजच, रोग्यासमोर बसून, लाल पेन्सिलीने खुणा कराव्यात. प्रत्येक मात्रेनंतर एक खूण खोडावी. गाठ तिसऱ्या खुणेलाच हाताला लागेनाशी होईल कदाचित. त्या दिवशी हवे तर शिरा करावा, देवापुढे साखर ठेवावी. आणि चौथ्या खुणेच्या सकाळी डबा भरून, थर्मामीटर आणि कागदांची पिशवी घेऊन, वेळेवर निघावे.